भावाचं दुःख कुणाच्या खात्यात?

१ जुलै २०२३ ला वाशिम जिल्हा २५ वर्षांचा झाला. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर वाशिम ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात गेली आणि समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ जण गेले. बुलढाण्याला पोहोचलेल्या नातेवाइकांना कोणता देह कुणाचा हेही कळेना. दुसऱ्या दिवशी सामूहिक अंत्यसंस्कार झाले.

कमावता माणूस गेला की 'क्लेम टाका' असं गावात कुणीतरी सांगतंच. पण हे पाहून ज्याची झोप कायमची उडाली, त्यानं कशाचा क्लेम टाकायचा?

वाशिम-बुलढाण्याचा हा वऱ्हाड कंपनी सरकारनं निजामाकडून १८५३ मध्ये ताब्यात घेतला. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांचा कायदा झाला, तो इंग्लंडच्या १८४६ च्या कायद्यावर बेतलेला. भरपाई कुणासाठी? पती, पत्नी, आईवडील, मुलं. आजी-आजोबा आणि नातवंडंही. भाऊ मात्र नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या घरांच्या मुलखात ही यादी तोकडीच होती.

मनाच्या धक्क्याला तर दारच बंद होतं. ऑस्ट्रेलियात एका रेल्वे फाटकावरच्या माणसानं बग्गी आत सोडली, गाडी अगदी घासून गेली आणि आतली गर्भवती बेशुद्ध पडली, आजारी झाली. शारीरिक आघात नाही, नुसती भीती. म्हणून प्रिव्ही कौन्सिलनं १८८८ मध्ये दावा नाकारला. हिंदुस्थानातली शेवटची अपिलंही त्याच कौन्सिलपुढे जात. इंग्लंड पुढे बरंच सैलावलं. १९८२ मध्ये तिथल्या न्यायालयानं अपघातानंतर दोनेक तासांनी इस्पितळात पोहोचून घरच्यांची अवस्था पाहिलेल्या आईचा दावा मानला. पण हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेत दोन भाऊ गमावलेला एक जण स्वतः तिथं हजर असूनही १९९१ मध्ये हरला. भावांवर त्याचा विशेष जीव होता, याचा पुरावा त्यानं दिला नव्हता म्हणे!

आपल्याकडे उलटं झालं. मोटार अपघातात गेलेल्या १४ वर्षांच्या मुलाच्या भावांना भरपाई मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये गुजरात एसटीच्या खटल्यात ठरवलं. भारतीय कुटुंबात भाऊ-बहीणही एकमेकांच्या आधारानं राहतात, हे मान्य केलं. हिशेब मात्र बुडालेल्या आधाराचा, मनाचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं जोडीदाराचा सहवास गमावल्याचे ४०,००० रुपये ठरवले, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीसह. २०१८ मध्ये मुलं आणि आईवडीलही त्यात आले. नातेवाइकाच्या मानसिक आजाराचा वेगळा रकाना या ठरीव रकमांत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १६८ 'न्याय्य' भरपाई द्यायला सांगतं. तेवढी फट वकिलाला उरते. तीही लवकर गाठावी लागते, कारण १ एप्रिल २०२२ पासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आली आहे.