वाळूतली बिअरबाग

म्युनिकच्या बिअरबागांचा जन्म सावलीतून झाला. सोळाव्या शतकात बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी उन्हाळ्यात बिअर बनवण्यास बंदी घातली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात भट्टी पेटवायची, असा नियम. मग उन्हाळ्याची बेगमी तळघरांत साठवणे आले. तळघरे थंड राहावीत म्हणून वर चेस्टनटची डेरेदार झाडे लावली, जमिनीवर खडी पसरली. आयती सावली मिळाल्यावर लोक तिथेच बाके टाकून बसू लागले. शहरातल्या खानावळवाल्यांचे धंदे बसायला लागले, तेव्हा त्यांनी दरबारी गाऱ्हाणे घातले. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियन याने तोड काढली : तळघरवाल्यांनी बिअर खुशाल विकावी, पण पावाखेरीज खाण्याचे काही विकू नये. लोक घरून शिदोरी घेऊन येऊ लागले. ती रीत तिथल्या जुन्या बागांतून अजून पाळली जाते.

म्हणजे झाड, पाणी, थंड तळघर आणि शेजारी बार्लीचे शेत, इतक्या गोष्टी जुळल्यावर ही बाग उभी राहते. यांतली एकही गोष्ट ज्या मुलखात नाही, तिथे ती शंभर वर्षांहून अधिक काळ कशी तगली, हे मला समजून घ्यायचे होते. मुलूख आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा, नामिबिया. (ग्वाल्हेरच्या वाचकांना हे नाव परके नसावे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांच्या शेजारच्या कुनोच्या जंगलात सोडलेले पहिले आठ चित्ते तिथलेच.) माझा पुतण्या तिथे युरेनियमच्या खाणीत नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून एका मे महिन्याच्या सुटीत मी स्वाकोपमुंड या गावी तीन आठवडे राहिलो. मी स्वतः बिअर घेत नाही, हे आमच्या शाळेच्या पालकवर्गासाठी आधीच सांगून ठेवतो. खाण्याच्या बाबतीत मात्र मागे हटलो नाही.

जर्मन इथे आले ते एका तंबाखूच्या व्यापाऱ्यामुळे. ब्रेमेनचा आडोल्फ ल्युडेरित्स. १८८३ मध्ये त्याच्या माणसाने नामा जमातीचा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून शंभर पौंड आणि दोनशे बंदुका देऊन एक उपसागर विकत घेतला, आणि पुढे किनाऱ्यालगतचा वीस मैलांचा पट्टा. फ्रेडरिक्सला ठाऊक होता तो इंग्रजी मैल, साधारण १.६ किलोमीटरचा. कागदावर अभिप्रेत होता जर्मन भौगोलिक मैल, ७.४ किलोमीटरचा. एका शब्दाच्या दोन अर्थांत एका जमातीची बहुतेक जमीन गेली. दोन भाषांच्या कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना यावर अधिक सांगायला नको. १८८४ मध्ये बिस्मार्कने त्या पट्ट्यावर जर्मन संरक्षण जाहीर केले. ल्युडेरित्स स्वतः १८८६ साली ऑरेंज नदीच्या मुखाजवळ बेपत्ता झाला, तो कायमचा.

जवळचे एकमेव चांगले बंदर, वॉल्व्हिस बे, १८७८ पासूनच इंग्रजांकडे होते. म्हणून १८९२ मध्ये जर्मनांनी त्याच्या उत्तरेला स्वाकोपमुंड वसवले. बंदर म्हणावे असे तिथे काहीच नव्हते. जहाजे खोल पाण्यात उभी राहत, माणसे आणि माल लाटांतून होड्यांनी किनाऱ्यावर आणत. होड्या वल्हवायला लायबेरियाकडचे क्रू लोक आणलेले. १९०३ मध्ये दगडी धक्का बांधून झाला, तो दोन-तीन वर्षांतच वाळूने भरून गेला. मग १९०५ मध्ये लाकडी धक्का. मग लोखंडी, तो पहिल्या महायुद्धामुळे अर्धवट राहिला. आज त्याच्या टोकाला उपाहारगृह आहे. १८९६ मध्ये मालवाहतुकीसाठी एक वाफेचे इंजिनही आणले होते. वाळूत ते इतके पाणी पिऊ लागले की थोड्याच दिवसांत गावाबाहेर कायमचे थांबले. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘मार्टिन लूथर’, कारण धर्मसभेपुढे ‘मी इथे उभा आहे, याहून वेगळे करू शकत नाही’ असे लूथर म्हणाल्याची आख्यायिका आहे. जर्मन माणसाला विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे इंजिन पाहून यावे. ते गावाबाहेर अजून आहे.

गाव बघितले की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला सरळ वाळूच्या टेकड्या, आणि मध्ये लाकडी चौकटींच्या भिंतींची, उतरत्या छपरांची जर्मन घरे. वर्षाचा पाऊस वीस मिलिमीटरही नाही, म्हणजे आमच्याकडे आषाढात एका दुपारी पडतो त्याहूनही कमी. पण बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे सकाळी दाट धुके येते. मे महिन्यात मी स्वेटर घालून हिंडत होतो. तेव्हा ध्यानात आले, की वाळवंट म्हटल्यावर आपण जे राजस्थान डोळ्यांपुढे आणतो ते इथे लागू नाही. या धुक्यात डुकराच्या मांडीचा भाजलेला तुकडा, बटाटे आणि खारवून आंबवलेला कोबी, हे जड जेवण अंगी लागते. सावलीची गरज नसते, वाऱ्यापासून आडोसा लागतो. म्हणून इथली बिअरबाग चार भिंतींच्या अंगणात असते. चेस्टनटऐवजी एखाद-दुसरे ताडाचे झाड.

चांगले जर्मन खाणे कुठे मिळते हे ओळखायचे कसे? पुतण्याने मला चार-दोन खुणा सांगितल्या, त्या खऱ्या निघाल्या. पहिली खूण पाव. काळसर, आंबूस, दाताला काम देणारा राय धान्याचा पाव जिथे त्याच दिवशीचा मिळतो, तिथे बसावे. दुसरी, बटाट्याची कोशिंबीर. जिथे ती कोमट आणि व्हिनेगर घातलेली येते तिथे स्वयंपाकघरात कोणी आजीकडून शिकलेले आहे असे समजावे. (हे पुतण्याचे मत. दक्षिण जर्मनीत तशी करतात, उत्तरेकडे मेयोनीज घालतात, असे एका गृहस्थांनी मला तावातावाने समजावले.) तिसरी खूण सर्वांत भरवशाची. कोपऱ्यात एक टेबल असते, त्यावर पाटी असते, ‘श्टामटिश’. म्हणजे रोजच्या मंडळींचे राखीव टेबल. तिथे दुपारी चार वृद्ध ‘आलगेमाइन त्साइटुंग’ वाचत बसले असतील तर जागा चांगली. हे जर्मन वृत्तपत्र विंडहोकमध्ये १९१६ साली सुरू झाले, म्हणजे जर्मन राज्य संपल्यानंतर! स्वाकोपमुंडचे ‘ब्राउहाउस’, १९०५ चे ‘हान्सा हॉटेल’, केकसाठी ‘कॅफे अँटोन’ आणि राजधानीतले ‘जोज बिअरहाउस’ अशा चार ठिकाणी मी जेवलो किंवा निदान बसलो. शेवटच्या ठिकाणी जर्मन पद्धतीने रांधलेले कुडू आणि ओरिक्स या हरणांचे मांस मिळते. मूळ पाककृती परदेशात गेली की ती तिथल्या बाजाराशी तडजोड करते, हे इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांना मी काय सांगावे.

राज्य मात्र फार टिकले नाही. ९ जुलै १९१५ रोजी जर्मन सैन्याने दक्षिण आफ्रिकेच्या फौजेपुढे शरणागती पत्करली. १९१९ मध्ये जवळजवळ निम्म्या जर्मनांची मायदेशी रवानगी झाली. गिऱ्हाईक निम्मे झाले, मद्यशाळा बुडू लागल्या. १९२० मध्ये कार्ल लिस्ट आणि हेर्मान ओल्टहावर या दोघांनी अडचणीतल्या चार मद्यशाळा एकत्र करून एकच कंपनी उभी केली. आजची ‘विंडहोक लागर’ तिथली. पाणी, बार्ली आणि हॉप्स याखेरीज काही घालायचे नाही, हा बव्हेरियाचा १५१६ चा शुद्धतेचा कायदा आपण पाळतो असे ती कंपनी अभिमानाने सांगत आली आहे. कायदा केला त्या बव्हेरियापासून हजारो किलोमीटरवर, दुसऱ्याच्या राज्यात, माल्ट आणि हॉप्स जहाजाने मागवून! मूळ घरी ज्या रीती सैल होतात त्या दूर गेलेल्या शाखेत घट्ट होतात. आपल्या सीमाभागातल्या सोवळ्याओवळ्याची आणि शुद्धलेखनाची आठवण मला झाली. २०२३ मध्ये ती कंपनी हायनेकेन या डच कंपनीच्या ताब्यात गेली.

आता पाण्याविषयी. विंडहोक शहराने १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्यासाठी पुरवायला सुरुवात केली. असे करणारे ते जगातले पहिले शहर. दक्षिणेकडच्या कोलमान्सकोपची गोष्ट त्याहून नवलाची. १९०८ मध्ये झकारियास लेवाला या रेल्वेमजुराला तिथे वाळूत हिरा सापडला. त्याने तो मुकादम आउगुस्ट श्टाउख याला दिला. श्टाउख श्रीमंत झाला, लेवालाला काही मिळाल्याचे इतिहासात दिसत नाही. वाळवंटात गाव उभे राहिले. दवाखाना, नृत्यगृह, चेंडूने लाकडी खुंट पाडण्याच्या जर्मन खेळाची गल्ली, बर्फाचा कारखाना, आणि पाणी केप टाउनहून जहाजाने. १९५६ पर्यंत शेवटचे रहिवासी निघून गेले. आज तिथल्या दिवाणखान्यांत कमरेइतकी वाळू आहे.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख चविष्ट झाला असता. पण स्वाकोपमुंडच्या कबरस्तानापर्यंत चालत गेल्यावर ते शक्य राहिले नाही. जर्मन कबरी संगमरवरी, नावानिशी, राखलेल्या. त्यांच्या पलीकडे वाळूचे लहान लहान उंचवटे, ओळीने, दूरवर. नाव नाही, तारीख नाही.

जानेवारी १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी जमिनी आणि गुरे गेल्यामुळे उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर जनरल लोथार फॉन ट्रोथा याने त्यांना ओमाहेके वाळवंटात हाकलले आणि पाणवठे अडवले. २ ऑक्टोबर १९०४ रोजी त्याने काढलेला हुकूम सरळ होता : जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालायची. उरलेल्यांना आणि पुढे उठलेल्या नामांना छावण्यांत कोंडले. एक छावणी स्वाकोपमुंडमध्ये होती. धक्क्यावरचा माल उतरवणे, रेल्वेची कामे हे कैद्यांच्या माथी. १९०८ पर्यंत हेरेरोंपैकी सुमारे ऐंशी टक्के आणि नामांपैकी जवळजवळ निम्मे लोक मेले, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. मी ज्या सुबक इमारतींचे वर्णन वर केले त्यांपैकी पुष्कळ नेमक्या याच वर्षांतल्या आहेत. वाळूचे उंचवटे त्यांचे.

२०२१ मध्ये जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असे मान्य करून तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले. हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटनांनी ते नाकारले, कारण बोलणी दोन सरकारांत झाली, वंशजांना बैठकीत बसवलेच नव्हते. २०२५ पासून २८ मे हा दिवस तिथे वंशसंहार स्मृतिदिन म्हणून पाळला जाऊ लागला. रस्त्यांची नावे बदलली आहेत, काही पुतळे हलले आहेत. विंडहोकमधला १९१२ चा अश्वारूढ सैनिक २०१३ मध्ये किल्ल्याच्या आवारात नेला, फॉन फ्रांस्वाचा पुतळा २०२२ मध्ये उतरवला. खाणावळी तशाच आहेत, आणि त्यांत बसणारा समाज बदलतो आहे, सावकाश. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत काळ्या माणसाला ही बिअर विकत घेण्याचीच कायद्याने मनाई होती. आज कातुतुरा या वस्तीतल्या उघड्या बाजारात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर, ज्याला ते ‘कपाना’ म्हणतात, तीच बाटली उघडली जाते. कातुतुरा या नावाचा अर्थच ‘जिथे आम्हाला राहायचे नाही ती जागा’ असा आहे. काळ्या लोकांना सक्तीने तिथे हलवले तेव्हाचे ते नाव.

भाषेचेही तसेच. २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला आणि इंग्रजी ही एकमेव राजभाषा झाली. लोकसंख्या तीस लाख, त्यांत जर्मन मातृभाषेचे काही हजार. १९०९ मध्ये निघालेली जर्मन शाळा राजधानीत आहे, वृत्तपत्र आहे. पण जर्मनचा आणखी एक प्रकार आहे, तो शाळेत शिकवत नाहीत. ‘क्युशेनडॉइच’, म्हणजे स्वयंपाकघरी जर्मन. जर्मन घरांत राबणाऱ्या काळ्या माणसांनी कानाने उचललेली, विभक्तीप्रत्यय गळालेली.

पुतण्याच्या शेजारी एक हेरेरो बाई राहतात, सत्तरीच्या. लांब पायघोळ झगा आणि गुरांच्या शिंगांच्या आकाराचे शिरोवस्त्र, हा हेरेरो स्त्रियांचा पोशाख मिशनऱ्यांच्या बायकांच्या झग्यावरून आला. त्या चाळीस वर्षे एका जर्मन घरी स्वयंपाकाला होत्या. एके दुपारी आम्ही त्यांना जेवायला घेऊन गेलो. पानात आलेली बटाट्याची कोशिंबीर त्यांनी चाखली, वाढणाऱ्या मुलीला बोलावले आणि त्यांच्या त्या जर्मनमध्ये काहीतरी सांगितले. मुलगी ताट उचलून आत गेली. मी पुतण्याकडे पाहिले. ‘काका, त्या म्हणाल्या, व्हिनेगर बटाटे गरम असतानाच घालायचे असते,’ तो म्हणाला. थोड्या वेळाने नवीन ताट आले.