हाडाला कळते वजन आणि चाल

इट्रस्कन चिचुंद्रीचे वजन जेमतेम २ ग्रॅम, तर पूर्ण वाढलेल्या आफ्रिकी हत्तीचे सुमारे ५ टन किंवा त्याहूनही अधिक. दोघेही सस्तन प्राणी आहेत आणि दोघांचीही हाडे कोलॅजन हे प्रथिन व कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक यांचीच बनलेली आहेत. वजनात किमान पंचवीस लाख पटींचा फरक असूनही बांधकामाचे साहित्य तेच. मग हत्तीचे हाड त्याच्या भाराखाली मोडत कसे नाही? याचे उत्तर हाडाच्या सूक्ष्मरचनेत आणि प्राण्याच्या हालचालीत दडलेले आहे.

गॅलिलिओचे गणित

या प्रश्नाचा पाया गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घातला. प्राण्याची लांबी-रुंदी दुप्पट झाली तर वजन आठपट होते, मात्र हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ चौपट होते. म्हणजेच हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरील भार दुप्पट होतो. हा हिशेब जुळवण्यासाठी मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणाबाहेर जाड व्हायला हवे, असे त्याने दाखवले. निसर्गाने हा मार्ग काही अंशी स्वीकारला. पण केवळ जाडी वाढवत गेल्यास हाडांचेच ओझे होऊन बसले असते.

आतल्या तुळया

हाडाला बाहेरून घट्ट थर असतो. सांध्याजवळच्या टोकांत मात्र स्पंजासारखी जाळी असते आणि ती बारीक तुळयांची बनलेली असते. लंडनमधील संशोधकांनी २०११ मध्ये सस्तन प्राणी व पक्षी यांच्या ९० जातींमधील या जाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या प्राण्यांत तुळया अधिक जाड, संख्येने कमी आणि एकमेकींपासून दूर असतात. परंतु जाळीतील हाडाचे एकूण प्रमाण फारसे बदलत नाही, असे त्यात दिसून आले. थोडक्यात, साहित्य न वाढवता त्याची मांडणी बदलून भार पेलला जातो. हत्तीच्या पायांच्या हाडांत तर मज्जेची मोकळी पोकळीही नसते. ती जागा याच जाळीने भरलेली असते.

घट्ट थराचीही तीच कथा. मोठ्या प्राण्यांत जुने हाड पोखरून त्या जागी नव्या हाडाची वर्तुळाकार वेटोळी रचली जातात. मधोमध रक्तवाहिनीसाठी नलिका असते. इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. उंदरांच्या घट्ट हाडात अशी पुनर्बांधणी सहसा आढळत नाही.

उभे राहण्याची ढब

रचनेइतकीच चालही महत्त्वाची आहे. उंदीर पाय दुमडून, दबकून चालतो. हत्तीचे पाय खांबांसारखे सरळ असतात. सरळ पायामुळे भार हाडाच्या लांबीच्या दिशेने जातो आणि वाकवणारे बल कमी होते. अमेरिकी शास्त्रज्ञ अँड्र्यू बीवेनर यांनी १९८९ मध्ये हे तत्त्व सविस्तर मांडले. धावताना किंवा उडी मारताना निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांच्या हाडांवर येणारा कमाल ताण यामुळेच बराचसा सारखा राहतो. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. हत्ती वेगाने चालू शकतो, पण त्याला उडी मारता येत नाही.

जमीन सोडलेल्या प्राण्यांत वेगळे चित्र दिसते. वटवाघळाच्या पंखातील बोटांची हाडे टोकाकडे लवचिक होत जातात, कारण त्यांत खनिजांचे प्रमाण घटत जाते. याउलट, कच्छ व मन्नारच्या आखातांत आढळणाऱ्या समुद्रगाईच्या म्हणजेच डुगाँगच्या फासळ्या जाड आणि भरीव असतात. उथळ पाण्यात चरताना हे वजन तिला तरंगून वर येऊ देत नाही.

काश्मीरचा पुरावा

हाडाची ही भाषा वाचता आल्यामुळे नामशेष प्राण्यांची राहणीही उलगडते. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरात सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वी इंडोहायस हा लहानसा खुरधारी प्राणी राहत होता. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या खडकांतून त्याचे अवशेष मिळाले. त्याच्या पायांच्या हाडांचा बाहेरील थर असाधारण जाड असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हा प्राणी पाण्यात वावरत असावा आणि तो देवमाशांच्या पूर्वजांचा निकटचा नातलग असावा, या निष्कर्षाला त्यामुळे बळ मिळाले.

अर्थात, असा निष्कर्ष काढताना सावधगिरी लागते. रचनेतील कोणता फरक आकारामुळे पडला आणि कोणता राहणीमुळे, हे आधी वेगळे करावे लागते. अन्यथा केवळ मोठ्या असलेल्या प्राण्याच्या माथी भलतीच जीवनशैली मारली जाण्याचा धोका असतो.

माणसाचे काय?

जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवत राहते. या नियमात पुढे सुधारणा झाल्या, पण त्याचा गाभा कायम आहे. हाडातील पेशींना ताण जाणवतो आणि त्यानुसार हाड रचणाऱ्या व झिजवणाऱ्या पेशींचे काम कमी-जास्त होते. व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळाच्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा लक्षणीय जाड असते. उलट अंतराळात पुरेसा व्यायाम न मिळाल्यास खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटते.

उत्तर अमेरिकेतील सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे शिकारी-संकलक आणि सुमारे ७०० वर्षांपूर्वीचे शेतकरी यांच्या खुब्यातील हाडांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शेतकऱ्यांच्या हाडातील जाळी अधिक विरळ होती आणि संशोधकांनी याचे मुख्य कारण घटलेली हालचाल हे सांगितले. शेतात राबणाऱ्यांची ही स्थिती, तर दिवसाचा बहुतांश वेळ खुर्चीत घालवणाऱ्या शहरवासीयाच्या हाडांवर याहूनही कमी भार पडतो, हे उघड आहे. प्राण्याचा आकार त्याच्या हाडाचा आराखडा ठरवतो. त्यातील बांधकाम कितपत भक्कम राहील, हे मात्र रोजच्या हालचालीवर बरेचसे अवलंबून असते.