यांत्रिक हत्यारे आणि शासकीय साहाय्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

यंत्रे घडविणारी यंत्रे म्हणजे यांत्रिक हत्यारे, अर्थात मशीन टूल्स. त्यांबाबतचे परावलंबन दूर करण्यासाठी भारत सरकारने १९५३ मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना केली. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तेथे लेथ तयार होऊ लागले. संशोधनासाठी सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूट मात्र १९६२ मध्ये, चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने उभी राहिली. म्हणजेच उत्पादन आधी व संशोधन नंतर, असा हा क्रम होता.

आयात-नियंत्रणामुळे देशी उत्पादकांना बाजारपेठ लाभली. परंतु त्यामुळेच स्वतःचे नवे आराखडे घडविण्याची निकड मंदावली. १९९१ नंतर हे संरक्षण ओसरले, तेव्हा ही उणीव उघड झाली. म्हणून शासकीय साहाय्याचे यश कारखान्यांच्या संख्येवरून नव्हे, तर स्वतंत्र संशोधनक्षमतेवरून जोखणे उचित ठरते.