प्रतिकूलता आणि पाठबळ : दोन थोर नेत्यांचे पूर्वायुष्य

पुढाऱ्यांची चरित्रे सांगताना त्यांच्या दारिद्र्याचे वर्णन मोठ्या हौसेने करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. रस्त्यावरील दिव्याखाली केलेला अभ्यास, अनवाणी तुडविलेली वाट, एक वेळचे जेवण, हे ऐकून दारिद्र्यातूनच मोठेपणा निपजतो, अशी मुलांची समजूत होते. ही समजूत अर्धवट आहे. दारिद्र्याने जितकी माणसे घडविली, त्याहून कितीतरी अधिक मोडली; परंतु मोडलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून महाराष्ट्रातील दोन नेत्यांना काय सोसावे लागले, याबरोबरच त्यांना काय लाभले, हेही येथे पाहावयाचे योजिले आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ साली वडील वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास ते पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत सारे घर! पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला, तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले.

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते प्लेगने गेले. थोरले बंधू ज्ञानोबा यांनी नोकरी धरली, मधले बंधू गणपतराव यांनी पाठबळ दिले आणि मातोश्री विठाबाईंनी कष्ट करून घर सावरले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच १९३२ साली त्यांना कारावास घडला. परंतु येरवड्यास आचार्य भागवतांसारख्या विद्वानांचा सहवास मिळाला आणि तुरुंग हीच त्यांची शाळा झाली. १९३८ साली ते पदवीधर व १९४१ साली वकील झाले.

दोघांत साम्य पुष्कळ. दोघेही पितृहीन, दोघांनाही बंधूंचा आधार आणि दोघेही काही काळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. परंतु भेदही सांगितला पाहिजे. गोखल्यांच्या घरी पैसा नव्हता, तरी विद्येची परंपरा होती. इंग्रजी शिकावयाचे हे तेथे कोणास पटवून द्यावे लागले नाही. विठाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या घरात मुलाने कॉलेजात जाणे हीच नवी गोष्ट होती. म्हणजे एकच दारिद्र्य दोन घरी एकाच वजनाचे नसते.

याउलट पंडित नेहरूंचे उदाहरण घ्या. संपन्न वकिलाचे घर, हॅरोची शाळा, केंब्रिजचे विद्यापीठ, १९१२ साली बॅरिस्टरी. तरीही त्यांनी पुढे एकूण सुमारे नऊ वर्षे तुरुंगात काढली. तेव्हा अनुकूलता हा दोष नव्हे आणि प्रतिकूलता हा गुणही नव्हे. मिळालेल्या पाठबळाचे पुढे काय केले, हीच खरी कसोटी होय.

या कसोटीस आपले दोन्ही नेते उतरले. बंधूंच्या आठ रुपयांवर शिकलेल्या गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मात्र शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. यशवंतरावांनी मुख्यमंत्री असताना, वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना, जातीचा विचार न करता, फीमाफी दिली. तिच्या बळावर खेड्यापाड्यांतील असंख्य मुले कॉलेजात पोहोचली. स्वतःस मिळालेला भावाचा हात त्यांनी राज्याचा हात केला.

ज्ञातिबंधुभगिनींनो, शिक्षकाच्या नात्याने मी अनेक वर्षे वर्गात घालविली. गोविंदरावांसारखी शाळा सोडणारी मुले मी पाहिली. पण भावासाठी शाळा सोडणारी बहुधा बहीण असे. तिचे नाव पटावरून कमी होई आणि कोणी विचारीतही नसे. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात विद्यार्थ्याचे गुण विचारले जातात. माझी नम्र सूचना आहे की, त्यात आणखी एक रकाना असावा : या विद्यार्थ्यासाठी घरातील कोणाचे शिक्षण थांबले आहे? उत्तरात जे नाव येईल, त्यास प्रथम साहाय्य मिळावे. गोविंदरावांच्या शिक्षणाचे पुढे काय झाले असते, हे आता कोणास कळणार नाही. आपल्या घरांतील मुलींविषयी तरी उद्या तसे म्हणण्याची वेळ येऊ नये.