बेसबॉल: सलामीच्या पिचरांची उणीव आणि चाहत्यांची नाराजी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल स्पर्धेत ३० संघ असून प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. या प्रदीर्घ हंगामात चाहत्यांच्या तक्रारींचे विषय बदलत राहतात. एक तक्रार मात्र दरवर्षी कोणत्या ना कोणत्या शहरातून ऐकू येते. सामन्याची सुरुवात करणारे भरवशाचे पिचर आपल्या संघाकडे पुरेसे नाहीत, ही ती तक्रार होय. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा २०२३ ते २०२५ हा काळ तिचे ठळक उदाहरण आहे. पैशाची ददात नसलेल्या आणि नामवंत पिचरांची मोठी यादी बाळगणाऱ्या या संघालाही ऐन मोक्याच्या वेळी चेंडू कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न पडला होता.

सलामीचा पिचर म्हणजे काय

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो आणि प्रत्येक डावात तीन फलंदाज बाद करावे लागतात. उंचवट्यावर उभे राहून फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. क्रिकेटप्रमाणे दर षटकाला गोलंदाज बदलत नाही. एकच पिचर सलग चेंडू टाकत राहतो आणि एकदा त्याला पिचिंगवरून काढून घेतले की त्या सामन्यात तो पुन्हा चेंडू टाकू शकत नाही. सामन्याची सुरुवात करणारा तो सलामीचा पिचर. त्याच्यानंतर येणारे बदली पिचर मैदानालगत ज्या जागी तयारी करतात तिला बुलपेन म्हणतात. बदली पिचरांच्या ताफ्यालाही तेच नाव पडले आहे.

सलामीचा पिचर साधारणपणे ९० ते १०० चेंडू टाकतो आणि त्यानंतर त्याच्या हाताला चार-पाच दिवसांची विश्रांती द्यावी लागते. म्हणून प्रत्येक संघ पाच जणांची पाळी लावतो. वेगवान गोलंदाजांवरील ताणाची चर्चा भारतीय क्रीडारसिकांना नवी नाही. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी सामने खेळले होते. बेसबॉलमध्ये हाच हिशेब वर्षाकाठी १६२ वेळा मांडावा लागतो.

कागदावर पाच जण पुरेसे वाटतात. प्रत्यक्षात संपूर्ण हंगाम तेच पाच जण पार पाडतात असे क्वचितच घडते. सामन्यासाठी उपलब्ध खेळाडूंची यादी २६ जणांची असते आणि तीत एरवी १३ पेक्षा अधिक पिचर ठेवता येत नाहीत. कोणी जायबंदी झाला तर खालच्या स्तरावरील संलग्न संघातून नवोदिताला बोलवावे लागते किंवा दुसऱ्या संघाशी अदलाबदल करावी लागते. अदलाबदलीची मुदत जुलैच्या अखेरीस संपते. त्यानंतर संघाकडे जे हात असतील त्यांच्यावरच ऑक्टोबरमधील बाद फेरीची मदार असते. सहावा, सातवा आणि आठवा पिचर कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच संघाचे राखीव बळ.

जुनीच तक्रार

पूर्वी थोड्याच पिचरांवर सर्व भार असे. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाच्या चार्ल्स रॅडबर्न यांनी एकट्याने ६७८ डाव टाकले होते. पुढे ही संख्या वाढत गेली आणि चार जणांची पाळी रूढ झाली. पाच जणांच्या पाळीने १९७० च्या दशकात जम बसवला.

राखीव बळाविषयीच्या अविश्वासाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९४८ मधील बोस्टन ब्रेव्ह्ज संघाचे आहे. वॉरेन स्पॅन आणि जॉनी सेन हे त्या संघाचे दोन आधारस्तंभ होते. हे दोघे खेळून झाले की पुढचे दिवस पावसानेच निभावून न्यावेत, अशा आशयाची चार ओळींची कविता बोस्टन पोस्ट या वृत्तपत्रातील गेराल्ड हर्न यांनी सप्टेंबरमध्ये लिहिली आणि ती चाहत्यांच्या तोंडी बसली. वस्तुस्थिती थोडी निराळी होती. सेन यांनी त्या वर्षी २४ सामने जिंकले, तर स्पॅन यांच्या खात्यावर १५ विजय आणि १२ पराभव होते. कवितेत स्थान न मिळालेले व्हर्न बिकफर्ड यांनी ११ सामने जिंकले आणि केवळ पाच गमावले. ब्रेव्ह्जने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र क्लीव्हलंडने त्यांना ४-२ असे हरवले. चाहत्यांची भीती आणि आकडे यांचा नेहमीच मेळ बसतो असे नाही, हे तेव्हाही दिसून आले होते.

चौदा बळी, तेरा धावा

डॉजर्सच्या चाहत्यांची भीती मात्र आकड्यांनीच वाढवली. २०२३ च्या साखळीत या संघाने १०० सामने जिंकले. बाद फेरीत ॲरिझोना डायमंडबॅक्सने त्याला ३-० असे गारद केले. पहिल्या सामन्यात संघाचे ज्येष्ठ पिचर क्लेटन कर्शॉ यांना एकच फलंदाज बाद करता आला आणि त्यांच्या खात्यावर सहा धावा लागल्या. दुसऱ्या सामन्यात बॉबी मिलर दुसऱ्या डावातच बाहेर गेले. तिसऱ्या सामन्यात लान्स लिन यांच्या चेंडूंवर एकाच डावात चार होमरन मारले गेले. तीन सामन्यांत मिळून सलामीच्या पिचरांनी १४ फलंदाज बाद केले आणि १३ धावा दिल्या. शंभर विजयांचा संघ तीन सामन्यांत घरी परतला. कर्शॉ यांच्या खांद्यावर नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली.

त्यानंतर व्यवस्थापनाने तिजोरी खुली केली. शोहेई ओहतानी यांच्याशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा आणि योशिनोबू यामामोतो यांच्याशी बारा वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. टायलर ग्लासनाउ यांना टॅम्पा बेकडून आणण्यात आले. तरीही जाणत्या चाहत्यांना यादीतील उणिवा दिसत होत्या. कोपरावरील शस्त्रक्रियेमुळे ओहतानी २०२४ मध्ये केवळ फलंदाजी करणार होते. ग्लासनाउ यांनी तोपर्यंत एकाही मेजर लीग हंगामात १२० पेक्षा जास्त डाव टाकले नव्हते.

शंका खरी ठरली. जूनमध्ये यामामोतो यांचा खांदा दुखावला आणि ते सप्टेंबरमध्ये परतले. ऑगस्टमध्ये ग्लासनाउ यांच्या कोपराने दगा दिला. जुलैअखेर परतलेले कर्शॉ सात सामन्यांनंतर पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याने बाहेर पडले. संघातर्फे सर्वाधिक १४० डाव टाकणारे गॅव्हिन स्टोन खांद्याच्या दुखापतीने थांबले. एमेट शीहान आणि रिव्हर रायन या तरुणांवर कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. धावांच्या सरासरीच्या क्रमवारीत स्थान मिळण्यासाठी लागणारे १६२ डाव संघातील एकाही पिचरने पूर्ण केले नाहीत.

अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी डेट्रॉइटकडून आणलेले जॅक फ्लॅहर्टी, दुखापतीतून सावरलेले यामामोतो आणि हंगामात एक विजय व सहा पराभव अशी कामगिरी असलेले वॉकर ब्युलर हे तिघेच ऑक्टोबरमध्ये उरले. चौथ्या सामन्यासाठी सलामीचा पिचरच नव्हता. सॅन दिएगो पाड्रेसविरुद्धची मालिका १-२ अशी असताना व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांनी ९ ऑक्टोबर रोजी तो सामना आठ पिचरांमध्ये वाटून दिला आणि संघाने ८-० असा विजय मिळवला. पुढे न्यूयॉर्क यांकीजला ४-१ असे हरवून डॉजर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. निर्णायक सामन्याचा अखेरचा डाव ब्युलर यांनी टाकला.

हात का मोडतात

टॉमी जॉन या नावाने ओळखली जाणारी कोपराची शस्त्रक्रिया डॉजर्सच्याच इतिहासातून आली आहे. कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध तुटला की पूर्वी पिचरची कारकीर्द संपत असे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचे पिचर टॉमी जॉन यांच्या दुसऱ्या हातातील कंडरा काढून ती दुखावलेल्या कोपरात बसवली. जॉन १९७६ मध्ये मैदानात परतले, १९८९ पर्यंत खेळले आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांनी १६४ सामने जिंकले. त्याच संघाचे सँडी कोफॅक्स यांच्या वाट्याला हे भाग्य आले नव्हते. १९६६ मध्ये ३२३ डाव टाकून आणि २७ सामने जिंकून, कोपराच्या संधिवातामुळे त्यांनी वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती पत्करली.

उपचार सुधारले तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. डॉक्टर, प्रशिक्षक आणि माजी पिचर यांच्यासह २०० हून अधिक जणांशी त्यासाठी चर्चा करण्यात आली होती. अहवालानुसार २००५ मध्ये २१२ वेळा पिचरांची नोंद जायबंदींच्या यादीत झाली होती. २०२४ मध्ये हा आकडा ४८५ वर गेला. २००८ ते २०२४ या काळात सरळ वेगवान चेंडूची सरासरी गती ताशी सुमारे १४७ किलोमीटरवरून सुमारे १५२ किलोमीटर झाली. वेगाचा हव्यास, चेंडूला अधिकाधिक फिरकी व वळण देण्याचा खटाटोप आणि प्रत्येक चेंडूवर सर्वस्व पणाला लावण्याची पद्धत ही दुखापतींची प्रमुख कारणे मानण्यात आली. हौशी व शालेय पातळीवरील मुलांमध्येही हीच प्रवृत्ती रुजत असल्याचा इशारा अहवालाने दिला.

वेगवान हातांचा हा शोध भारतापर्यंतही पोहोचला होता. २००८ मध्ये झालेल्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंची निवड झाली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मेजर लीगपर्यंत मात्र त्यांना मजल मारता आली नाही.

नाराजी कितपत रास्त

चाहत्यांचा रोष व्यवस्थापनावर असतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. दुखापतींचा पूर्वेतिहास असलेल्या पिचरांवर मोठी रक्कम लावणे हा विचारपूर्वक केलेला निर्णय असतो आणि त्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांवरच येते. तिकिटाचे पैसे भरून येणाऱ्या प्रेक्षकाला ज्याचे नाव पाहून तो आला तो पिचर पाहायला मिळत नाही, ही खंतही खरी आहे.

तथापि ही टंचाई एका संघापुरती नाही. आज मेजर लीगमधील सलामीचा पिचर सरासरी पाच डावांच्या थोडेच पुढे जातो, त्यामुळे सर्वच संघांना पूर्वीपेक्षा अधिक हात लागतात. विश्रांती वाढवायची तर पिचरांची संख्या वाढवावी लागते. संख्या वाढली की नवोदितांना संधी मिळते. आणि संघात टिकण्यासाठी ते नवोदित पुन्हा अधिक वेगानेच चेंडू फेकतात. ज्या वेगाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात, तोच वेग त्यांचे आवडते पिचर हिरावून नेतो.

डॉजर्सच्या २०२५ च्या हंगामाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवल्या. ब्लेक स्नेल, ग्लासनाउ आणि रोकी सासाकी हे तिघेही काही महिने जायबंदी होते. पिचरांना अधिक विश्रांती मिळावी म्हणून संघाने बराच काळ सहा जणांची पाळी ठेवली. ऑक्टोबरमध्ये स्नेल, यामामोतो, ग्लासनाउ आणि पुन्हा पिचिंग करू लागलेले ओहतानी एकाच वेळी तंदुरुस्त होते आणि मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्धची मालिका संघाने ४-० अशी जिंकली. चाहत्यांची काळजी तोवर बदली पिचरांकडे वळली होती.

टोरांटो ब्लू जेज विरुद्धच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाला. ओहतानी यांनी केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर सुरुवात केली. ग्लासनाउ आणि स्नेल हे सलामीचे पिचर बदली म्हणून आले. आदल्याच दिवशी ९६ चेंडू टाकलेले यामामोतो यांनी अखेरचे आठ फलंदाज बाद करण्याची जबाबदारी पेलली. अकराव्या डावात ५-४ असा विजय मिळवून डॉजर्सने सलग दुसऱ्यांदा विजेतेपद राखले. राखीव बळ जमवायचे ते कोणा एकाच्या हातावर असा भार पडू नये म्हणून. विजेतेपद मात्र तोच भार उचलून मिळाले. त्या हातांना याची किंमत मोजावी लागेल का, हे पुढील हंगामांतच कळणार आहे.