पूरक कर्करोगोपचार
शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांच्या जोडीने रुग्णाला दिलेला योग, आहार, समुपदेशन, वेदनाशमन यांचा आधार. मूळ उपचाराला तो पर्याय नव्हे, हे ठासून सांगायला हवे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत योगामुळे थकवा व वेदना कमी झाल्याचे आढळले. कर्करोग खेड्यांतही आहे; धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा हे तालुके बार्शीहून १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत होते. गावाकडच्या रुग्णाला प्रवास, बुडालेली मजुरी आणि भीती यांतही सोबत लागते. तीही उपचाराचाच भाग. काढे, हळदीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना सांगूनच घ्याव्यात. काही वनौषधी रसायनोपचाराच्या औषधांचा परिणाम बदलतात.