शाळेतली तहान : साताऱ्याच्या नळापासून पाण्याच्या घंटेपर्यंत



मीरा-भाईंदरमध्ये पाण्याचा विषय निघाला की बोलणं टँकर आणि नळाच्या वेळेवर येतं. आज मात्र पिशवीत भरलेली बाटली असूनही तहानलेल्या राहणाऱ्यांबद्दल बोलू या.

तुम्ही शाळेत समुपदेशक असाल, तर हे ओळखीचं वाटेल. एक मूल बाहेर गेलं की दुसरं आत येतं, मधेच पालक येतात. समोरचं मूल रडत असताना बाटली तोंडाला लावणं बरं वाटत नाही. स्वच्छतागृह लांब, नाहीतर जावंसं न वाटणारं. मग "घरी जाऊनच पिऊ" असं ठरतं. दुपारी डोकं ठणकतं, घसा कोरडा पडून आवाज बसतो, लघवी गडद पिवळी होते. हे वर्षानुवर्षं चाललं की मूतखडा आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आठ ग्लास आले कुठून?

१९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, असं सांगितलं. त्याच शिफारशीत पुढे म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य लोक विसरले, आकडा तेवढा राहिला. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने "रोज आठ ग्लास" या नियमामागचा पुरावा शोधला. थंड-समशीतोष्ण हवेत बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसांसाठी तो त्याला सापडला नाही.

पण आपली हवा तशी नाही. खाडी आणि मिठागरांच्या शेजारच्या या दमट शहरात घाम येतो, पण लवकर वाळत नाही. शरीर थंड होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. पंख्याखाली बसून बोलतानाही पाणी जातच असतं.

साताऱ्याचा नळ

रक्त थोडं दाट झालं की मेंदू दोन कामं करतो. मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो आणि आपल्याला तहान लावतो. ही यंत्रणा सगळ्यांची सारखीच. पाणी प्यायची मोकळीक मात्र सगळ्यांना कधीच सारखी नव्हती.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की शाळेतल्या नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. गुरुजींची परवानगीही पुरत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेताना त्या मुलाची तहानही त्यांच्यासोबत असणार, असं मला वाटतं.

तो अन्याय आणि आजची गैरसोय यांची बरोबरी नाही. पण एक गोष्ट त्यातून कळते. शाळेत पाणी असणं पुरत नाही, ते पिता येईल अशी व्यवस्थाही लागते.

२०१९ ची घंटा

२०१९ मध्ये केरळमधल्या काही शाळांत पाण्याची घंटा सुरू झाली. ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळी मुलं पाणी पितात. कारण मुलं पाणी प्यायला विसरतात, आणि मुली स्वच्छतागृह टाळण्यासाठी मुद्दाम कमी पितात. मोठ्यांचंही तेच होतं, फक्त त्यांच्यासाठी घंटा वाजत नाही.

मग काय कराल?

- दोन मुलांच्या भेटींमध्ये पाच मिनिटं मोकळी ठेवा. तीच तुमची घंटा.
- मुलासमोरही एक पेला ठेवा आणि दोघं प्या. रडून कोरड पडलेल्या घशाला घोटभर पाण्याने बरं वाटतं.
- लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. ग्लास मोजत बसू नका.
- ताक, सरबत, पातळ आमटी हेही पाण्यातच धरा.
- ओआरएस जुलाब-उलट्यांसाठी आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. बैठ्या कामात ते रोज प्यायची गरज नाही.
- हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि स्वच्छतागृहाची अडचण असेल तर ती मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. ती तुमच्या एकटीची नसते, शाळेतल्या प्रत्येक मुलीची असते.

काळजी घ्या.